काळजाशेजारचं पाणी

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या पित्ताशयात खडे निघाले. रात्रीचं जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कळ यायची आणि मागून खांद्यापर्यंत चढायची. सोनोग्राफी झाली, दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं ठरलं. शाळा सुरू व्हायच्या आत उरकून टाकू म्हणून तारीखही घेतली. भूल द्यायच्या आधी फिटनेस लागतो. रक्त, लघवी, ईसीजी आणि छातीचा एक एक्सरे. खडे गेले, आता आठवतही नाहीत. तो एक्सरे मात्र अजून माझ्या कपाटात आहे.

मी बेळगावात वडगावला राहते आणि खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत गणित शिकवते. वय बावन्न. त्या दिवसापर्यंत मला छातीचं काही दुखणं नव्हतं. जिने चढत होते, बस पकडायला पळत होते.

एक्सरे काढणाऱ्या मुलानं पडद्याकडे बघितलं, परत बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, आणि एकदा काढूया." दुसऱ्यांदा काढला. पाकीट हातात देताना त्याचा आवाज खाली आला होता. "हृदयाच्या बाजूला सावली दिसालीय. डॉक्टरांना दाखवा." डॉक्टर नव्हते. शुक्रवारची संध्याकाळ होती. काउंटरवरच्या बाईंनी रिपोर्टावर शिक्का मारला आणि सीटी स्कॅनसाठी मंगळवारची वेळ दिली. कशाची सावली, किती मोठी, घाबरायचं की नाही, हे सांगायला त्या सगळ्या इमारतीत कुणाला वेळ नव्हता. पाकीट पिशवीत घालून मी रिक्षात बसले.

आमच्या भागात माणूस तीन भाषांत आजारी पडतो. कळ मराठीत येते, दवाखान्याच्या पाट्या कन्नडात असतात आणि रिपोर्ट इंग्रजीत मिळतो. मला तिन्ही वाचता येतात. तरी त्या रात्री स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली तो कागद वाचताना एकही भाषा येत नसल्यासारखं झालं. 'राइट कार्डिओफ्रेनिक अँगल.' 'वेल डिफाइंड ओपॅसिटी.' 'सजेस्टेड सीटी.' ह्यांनी फोनवर शोधायला घेतलं. दोन मिनिटांत फोन पालथा ठेवला आणि म्हणाले, "झोप आता. मंगळवारी कळेल." फोनवर काय आलं असेल ते मला त्यांच्या तोंडावरच वाचता आलं.

काळजाचं पाणी होणं हा वाक्प्रचार मी मुलांना कित्येक वर्षं वाक्यात उपयोग करायला देत आले. वाघ दिसला आणि काळजाचं पाणी झालं. दर वर्षी वाघच. त्या चार दिवसांत मला कळलं की त्याला वाघ लागत नाही, एक शब्द पुरतो. 'सावली' हा शब्द. त्यातही 'ओपॅसिटी'पेक्षा मराठीतला 'सावली' जास्त भिववत होता, कारण आपल्याकडे सावली पडते ती कशाची तरी, कुणाची तरी पडते.

शनिवारी सासूबाईंनी लोणच्याच्या कैऱ्या आणल्या. दर वर्षीचं काम, दर वर्षीचीच मोठी बरणी. मी अडकित्त्यावर कैऱ्या फोडत होते. बाठीवरून पातं कचकन उतरायचं, आतली पांढरी कोय बाहेर पडायची, ती वेगळी काढायची. फोडी पुसायच्या, मीठ लावायचं. हात आपोआप चालले होते आणि डोक्यात एकच, हे लोणचं वर्षभर पुरणार आहे, आणि मी? हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "काय झालंय गं? काय म्हणूलालेत डॉक्टर?" मी म्हटलं, "मंगळवारी सांगतील, आई." त्या काही बोलल्या नाहीत. माझ्या हातातला अडकित्ता घेतला आणि उरलेल्या कैऱ्या स्वतः फोडल्या. शहात्तर वर्षांच्या हातांनी.

मंगळवारी आधी क्रिएटिनिन बघितलं, मूत्रपिंडं औषध बाहेर टाकू शकतात ना याची खात्री म्हणून. मग हाताला सुई लावली. यंत्राच्या त्या गोल चौकटीत आडवं झाल्यावर वरून रेकॉर्ड केलेला आवाज येतो, श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. आयोडीनचं औषध शिरेतून सोडतात तेव्हा घशापासून ओटीपोटापर्यंत एकदम ऊब पसरते, कपड्यातच लघवी झाली की काय असं वाटतं. हे मला आधी सांगितलं होतं म्हणून मी दचकले नाही. सांगितल्यानं किती फरक पडतो, याचा अनुभव मला पहिल्यांदा तिथं आला.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार होता. पण तिथले रेडिओलॉजिस्ट बाहेर आले, माझं तोंड बघितलं असणार, आणि म्हणाले, "टीचर, ओळग बर्री." आत या. मी आत गेले. अंधारी खोली, दोन मोठे पडदे. एका पडद्यावर माझी छाती आडवी कापल्यासारखी दिसत होती. पाव कापल्यावर तुकडा दिसतो तशी.

डॉक्टर कन्नड बोलणारे, मराठी मोडकंतोडकं. माझं कन्नड कामापुरतं. दोघांनी मिळून मधली वाट काढली. हृदय त्यांनी बोटानं दाखवलं. त्याच्या उजव्या कुशीला, खाली श्वासपटल येऊन मिळतं त्या कोपऱ्यात एक करडा अंडाकृती डाग होता. कडा गुळगुळीत, भिंत इतकी पातळ की असून नसल्यासारखी. चार सेंटिमीटर लांब, तीन रुंद. मोठ्या लिंबाएवढा. त्यांनी माऊसनं माझ्या छातीच्या स्नायूवर एक छोटं वर्तुळ काढलं, बाजूला आकडा आला, ५२. मग हृदयाभोवतीच्या चरबीवर काढलं, उणे ९८. मग फुफ्फुसातल्या हवेवर, उणे आठशेच्या पुढं. मग त्या डागावर. ६.

"पाण्याला शून्य," ते म्हणाले. "आणि इथं सहा. नीरु ऐत्री, बरे नीरु." पाणी आहे हो, नुसतं पाणी.

मी त्या आकड्याकडं बघत राहिले. सहावीला पूर्णांक संख्या शिकवताना मी फळ्यावर संख्यारेषा काढते. मधे शून्य, उजवीकडं धन, डावीकडं ऋण. इथं माझंच शरीर संख्यारेषेवर मांडलं होतं. ही मोजपट्टी गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज इंजिनिअरच्या नावानं चालते. पाणी शून्य, हवा उणे हजार, हाड वर कित्येक शेकड्यांत. त्यांच्या यंत्रानं १९७१ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा मेंदू बघितला, आणि १९७९ चं नोबेल त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासोबत मिळालं. हे नंतर वाचलं. त्या क्षणी मला फक्त एवढंच दिसत होतं की सहा शून्याला किती जवळ आहे. मी मुलांना विचारते तसं मनात विचारलं, सहा कुणाचा शेजारी? शून्याचा. म्हणजे पाण्याचा. वाईट गाठ असती तर आकडा स्नायूच्या आसपास गेला असता आणि शिरेतून सोडलेलं औषध तिनं शोषून घेतलं असतं, ती उजळली असती. माझी जशीच्या तशी करडी राहिली होती. चार दिवसांत पहिल्यांदा माझा श्वास खालपर्यंत गेला.

मग त्यांनी एक प्रश्न विचारला, तो मला अजून आठवतो. "घरी मेंढरं होती का? कुत्री?" मी चक्रावले. माझं माहेर हुक्केरी तालुक्यातलं. लहानपणी सुगी झाली की धनगर कळप घेऊन यायचे आणि वडील रानात मेंढरं बसवायचे, खतासाठी. रात्रभर शेकडो मेंढरं एका तुकड्यात, भोवती जाळी आणि दारात दोन कुत्री. त्या कुत्र्यांना आम्ही भाकरी घालायचो, अंगाखांद्यावर घ्यायचो. डॉक्टरांनी सांगितलं, कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक जंत असतो. त्याची अंडी विष्ठेतून गवतात, पाण्यात, हातावर येतात. मेंढरांच्या पोटात जातात, कधी माणसाच्याही. मग यकृतात, फुफ्फुसात पाण्याची गाठ होते आणि वर्षानुवर्षं कळत नाही. हृदयाजवळ ती क्वचितच होते, पण आपल्या भागात विचारायला हवं. तिची भिंत जाड असते, आत पिल्लं गाठी असू शकतात. माझ्या गाठीत तसं काही दिसत नव्हतं. तरी रक्ताची एक तपासणी सांगितली, ती निर्दोष आली. मेंढरांची गोष्ट ऐकून घेतली, हे मला फार आवडलं. कुणीतरी माझ्या छातीकडं बघताना माझं रानही बघितलं.

"मग ही आली कुठनं?" मी विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते, कारण मला ते खानापूरच्या भातशेतीतच समजलं.

हृदयाला एक पिशवी असते, हृदयावरण. तिच्या दोन पदरांमध्ये थोडं पाणी असतं, चार-पाच चमच्यांच्या आत, हृदय हलताना घासू नये म्हणून. आईच्या पोटात बाळाचं शरीर घडत असतं तेव्हा ही पोकळी एकदम तयार होत नाही, आधी लहान लहान पोकळ्या होतात आणि मग त्या एकमेकींत मिसळतात. जूनच्या पावसात नंदगडच्या वाटेनं गेलं की दोन्ही बाजूंना खाचरं दिसतात. आधी प्रत्येक खाचरात वेगळं पाणी साचतं. मग शेतकरी बांधाला तोंड पाडतो, एकातलं पाणी दुसऱ्यात उतरतं आणि सगळं शिवार एक होतं. कधी एखाद्या कोपऱ्यातल्या खाचराचा बांध फोडायचा राहतो. त्यातलं पाणी तिथंच राहतं, स्वच्छ, निवांत. माझ्या छातीत असंच एक खाचर फोडायचं राहिलं. डॉक्टरांच्या भाषेत पेरिकार्डियल सिस्ट, हृदयावरणाची पाण्याची गाठ. बावन्न वर्षांपूर्वी, मी जन्मायच्याही आधी.

गाठींच्या उगमाबद्दल डॉक्टरांचं सगळ्यांचं एकमत आहे असं नाही, पण ही मांडणी जुनी आणि आजही पुस्तकांत मिळणारी. अशा १०० पैकी साधारण ७० गाठी माझ्यासारख्याच उजव्या कोपऱ्यात असतात. आतलं पाणी इतकं नितळ की इंग्रजीत हिला 'स्प्रिंग वॉटर सिस्ट' असंही म्हणतात. झऱ्याच्या पाण्याची गाठ. दवाखान्याच्या भाषेत इतकं सुंदर नाव मी दुसरं ऐकलेलं नाही. मलप्रभा आमच्याच तालुक्यात, कणकुंबीला उगम पावते. मी मुलांना तिथं सहलीला नेलेलं आहे.

डॉक्टरांनी उठताना हात जोडले आणि म्हणाले, "काळजी माडब्याड्री."

उत्तर कर्नाटकातल्या कन्नडात 'काळजी' हा शब्द आपल्यासारखाच चालतो. तो मी बाजारात, बसमध्ये हजारदा ऐकलाय, कधी थांबले नव्हते. त्या दिवशी थांबले. इतका वेळ आम्ही दोघं भाषेच्या बांधावर तोल सांभाळत उभे होतो आणि शेवटचा शब्द दोघांचाही निघाला. काळीज आणि काळजी, आपल्याकडं दोन्ही शब्द किती जवळजवळ राहतात. खाटकाकडं काळीज मागितलं तर यकृत मिळतं, आणि आई लेकराला काळीज म्हणते तेव्हा ते हृदय असतं. मला तर त्या आठवड्यात दोन्हीकडं काहीतरी निघालं होतं, यकृताखाली खडे आणि हृदयाशेजारी पाणी. बाहेर येऊन मी बाकावर बसले आणि रडले. हे शेजारी बसून राहिले.

पुढं हृदयाच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. काही करायचं नाही. मोठ्या गाठीनं हृदय किंवा फुफ्फुस दाबलं, दम लागला, छातीत जड वाटलं, सततचा खोकला झाला तर यायचं. मग सुईनं पाणी काढतात, पण ते परत भरू शकतं. नाहीतर छातीला लहान भोकं पाडून दुर्बिणीतून गाठच काढतात. आतल्या आत रक्तस्राव होणं, जंतू शिरणं हे फार दुर्मीळ. काही गाठी आपोआप नाहीशाही झालेल्या आहेत. वर्षानं एकदा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करायची. बास. पित्ताशयाचं ऑपरेशन आठ दिवसांनी ठरल्याप्रमाणं झालं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी फाइल चाळली, मान हलवली आणि पुढच्या कागदाकडं गेले.

गणिताच्या माणसाला आकडा मिळाला की तो सोडून देववत नाही. अशी गाठ ढोबळमानानं लाखात एकाला असते. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७ लाख ७९ हजार होती. म्हणजे जिल्ह्यात आम्ही साधारण अठ्ठेचाळीस जण. एका वर्गाचा पट. मी हजेरी घेते तसे ते मला दिसायला लागले. अथणीचा एक ऊसवाला, सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माची परडी घेऊन बसणारी एखादी बाई, निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम करणारी कुणीतरी, रामदुर्गचा विणकर, गोकाकच्या गिरणीतला कामगार. कन्नड बोलणारे, मराठी बोलणारे, उर्दू बोलणारे. बहुतेकांना माहीतही नसणार. ते रोज भाकरी खातात, भांडतात, लेकींची लग्नं करतात, आणि त्यांच्या हृदयाशेजारी एक न फोडलेलं खाचर शांतपणे भरलेलं असतं.

रॉन्टगेनला एक्स किरण दिसले ते १८९५ च्या नोव्हेंबरात. त्याच्या आधी जन्मून गेलेल्या माणसांमध्येही अशी माणसं होतीच. माझ्या पणजीला अशी गाठ असती तर ती ऐंशी वर्षांची होऊन, नातवंडांना मांडीवर घेऊन गेली असती आणि कुणालाच कळलं नसतं. कोविडच्या दोन वर्षांत छातीचे सीटी भराभर निघाले तेव्हा अशी किती पाकिटं किती घरांत पोचली असतील. रिपोर्टात 'इन्सिडेंटल' असा शब्द असतो. शोधत होतो एक आणि अवचित हाती लागलं दुसरं. माझ्या बाबतीत शुक्रवारी संध्याकाळी माझ्या शरीरात काहीही बदललं नव्हतं. बदललं होतं ते मला कळलेलं. आणि त्या कळण्याला औषध लागत होतं, ते शिक्का मारलेल्या कागदात नव्हतं.

म्हणून मला पोटतिडकीनं वाटतं, पाकीट देणाऱ्यानं पाच मिनिटं द्यावीत. तपासणी कमी करा असं मी म्हणत नाही, ती सीटी मला हवीच होती, ती झाली नसती तर मी आजही सावली घेऊन फिरले असते. पण 'सावली आहे, बहुतेक वेळा साधीच असते, खात्रीसाठी आणखी एक फोटो काढूया' एवढं एक वाक्य मला शुक्रवारी कुणी मराठीत नाहीतर कन्नडात म्हटलं असतं तर माझे चार दिवस वाचले असते. मी शिकलेली, तीन भाषा वाचणारी बाई. माझ्या शाळेतल्या मुलांच्या आया पाकीट उलटं धरतात. जूनपासून त्यांच्यातल्या दोघी-तिघी आपापले रिपोर्ट घेऊन माझ्याकडं येतात, "बाई, काय लिवलंय बघा की." मी शब्दाचा अर्थ सांगते, निदान सांगत नाही. कागदावर मराठीत तीन प्रश्न लिहून देते, डॉक्टरांना हे विचार म्हणून. हे काय आहे? आता काय करायचं? कधी धावत यायचं? एवढं लिहून दिलं की त्यांचा हात कागदाभोवती घट्ट होतो.

सप्टेंबरात सहावीला पूर्णांक घेतले. फळ्यावर रेषा काढली, शून्य लिहिलं आणि म्हटलं, हे पाणी. मुलांना वाटलं बाई नवीन खेळ सांगतायत. डावीकडं हवा, उजवीकडं हाड. मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "बाई, रक्त कुठं?" मी तीस-चाळीसच्या मधे खूण केली. "आणि तुमचं?" मी सहावर खूण केली. कशाची ते सांगितलं नाही.

या मे महिन्यात वर्षाची इको झाली. थंडगार जेल, काळा-पांढरा पडदा आणि त्यावर हृदय उघडमीट करत होतं, त्याच्या बाजूला काळा डाग स्वस्थ. डॉक्टरांनी मोजला. गेल्या वेळेपेक्षा एक मिलिमीटर कमी. ते म्हणाले, एवढा फरक मोजणाऱ्याच्या हाताचा असतो, आहे तशीच आहे.

घरी आले तर सासूबाई ओसरीवर कैऱ्या पुसत बसल्या होत्या. गेल्या वर्षीच्या बरणीत तळाला थोडं लोणचं अजून होतं, ते त्यांनी वाटीत काढून ठेवलं होतं.

"हाय का अजून तुझं पाणी?"

"आहे, आई."

"वाढलं?"

"नाही. तेवढंच आहे."

"तुझ्यासंगं जन्माला आलंय ते," त्या म्हणाल्या आणि अडकित्ता माझ्याकडं सरकवला. "असूंदे. ह्या फोड आता, माझा हात दुखूलालाय."